पायातली टाचणी

फरशीवर रक्ताचे चार-पाच ठिपके होते. आमचे हे दारातून आत येता येता म्हणाले, "अगं, कुणाला लागलंय बघ की." घरात आम्ही दोघंच. मी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग दिसलं की ठिपके शिलाई मशीनपासून ओट्यापर्यंत गेलेत आणि परत मशीनपाशी आलेत. म्हणजे मीच. स्टुलावर बसून डावा पाय मांडीवर घेतला, तर तळव्याच्या मऊ भागात टाचणी रुतलेली. पांढऱ्या मण्याची, अस्तर जोडताना मी लावते तसली. मणी तेवढा बाहेर, बाकी सगळी आत.

ओढून काढताना कातडी ताणल्याचं कळलं. दुखलं मात्र अजिबात नाही, आणि त्यानंच माझ्या पोटात गोळा आला. अठराव्या वर्षापासून मी ब्लाऊज शिवते. बेळगावात वडगावच्या आमच्या गल्लीत एका बाजूला मागांचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला माझं मशीन, असंच आयुष्य गेलं. छत्तीस वर्षांत पायात टाचण्या किती गेल्या त्याला मोजदाद नाही, पण दर वेळी "आई गं" म्हणून पाय झाडलाय. ही टाचणी सकाळीच कधीतरी शिरली असणार. तिच्यावर उभी राहून मी भाकरी थापल्या, दारात आलेल्या गिऱ्हाईकाचं माप घेतलं, आणि मला पत्ता नाही.

ही २०२३ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. तुळशीची लग्नं लागली होती, लग्नसराईचे ब्लाऊज येऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, आणि त्याच दिवशी ठरवलं की आता पायाचं मूळ शोधायचंच.

तसं पायाचं दुखणं नवीन नव्हतं. दीड-दोन वर्षांपूर्वी बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या होत्या. आधी रात्री, मग दिवसाही. मला शुगर २०१३ पासून. त्यामुळे ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांचं उत्तर एकच : शुगर आहे ना, मग व्हायचंच. गल्लीतल्या बायकांनी सांगितलं, जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि खरं तर मीही स्वतःला तेच सांगत होते. त्यात खोटं काही नाही. शुगरनं पायाच्या नसा खराब होतात, आणि पायाच्या बधिरपणाचं ते सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. पण ते उत्तर इतकं तयार होतं की पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या. रात्री एक घ्यायची. पंधरा-वीस दिवस घेतल्या, पण सकाळी डोकं इतकं जड व्हायचं की कापड कापताना कात्री भलतीकडे जायची. गिऱ्हाईकाचं रेशमी कापड वाया गेलं तर भरून कुठून द्यायचं? मी गोळ्या बंद केल्या. महिन्याभरानं मुंग्या वाढल्या की पुन्हा आठ दिवस घ्यायच्या, पुन्हा बंद. असं वर्षभर चाललं. या गोळ्यांचं मी आत्ता सांगून ठेवतेय कारण पुढे त्यांनीच मोठा घोळ घातला.

टाचणीनंतर पहिल्यांदा गेले ते शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात. तिथले तरुण डॉक्टर दक्षिण कर्नाटकातले, मराठी त्यांना समजत नव्हती. माणूस चांगला, आवाज मऊ. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, तर त्यांनीच विचारलं, "जोमु हिडियुत्ता?" जोमु म्हणजे हातपाय आखडून मुंग्या येतात ते. मी मान हलवली, "हौद्री." त्यांनी कागदावर लिहिलं आणि पुढचा पेशंट आला.

त्या एका होकारात माझं अर्धं दुखणं बाहेरच राहिलं. कारण मुंग्या वेगळ्या आणि मला जे होत होतं ते वेगळं. मशीनच्या पायडलवर जाळीसारखी नक्षी असते, लोखंडात ओतलेली. अनवाणी पायानं चालवलं की ती नक्षी तळव्याला कळते, त्यावरच पायाचा ताल बसतो. ती नक्षी मला लागेनाशी झाली होती. पाय पायडलवर आहे की खाली घसरलाय हे बघण्यासाठी मान वाकवावी लागायची. चप्पल पायातून निघून मागे राहिली तरी दहा पावलं पुढे जायची मी. फरशीवर चालताना खाली गोधडी अंथरल्यासारखं वाटायचं. यातलं काहीच "जोमु"त बसत नाही, आणि "मुंग्या"तही बसत नाही. पण मराठी डॉक्टरांपुढेही मी मुंग्याच म्हणत आले होते, त्यामुळे भाषेला तरी किती दोष द्यावा?

तिथून तपासण्या सुरू झाल्या. पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर केली, रक्त नीट वाहत होतं. मग कमरेचा एमआरआय, साडेसहा हजार रुपये. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर आलेली निघाली. झालं, कारण सापडलं म्हणून घरी सगळ्यांना हायसं वाटलं. कमरेला पट्टा आला, सहा आठवडे वजन लावून ताण घेतला, मशीनवर बसणं बंद. लग्नसराईचे ब्लाऊज परत केले. फरक शून्य. मग सांगण्यात आलं की याने नाही भागलं तर ऑपरेशनचा विचार करू.

पन्नाशीच्या पुढे अशी थोडीफार सरकलेली गादी कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये दिसते, आणि त्यातल्या अनेकांना काडीचाही त्रास नसतो, हे मला खूप नंतर कळलं. माझी कंबर दुखतच नव्हती. एका पायात कळ जात नव्हती. दोन्ही पायांत, दोन्ही बाजूंना सारखंच, बोटांपासून मोज्यासारखं वर चढत होतं. कागदावर गादी दिसली आणि सगळ्यांचे डोळे तिथेच थांबले.

नसांची करंट देऊन तपासणी असते, तीही केली. पायावर पट्ट्या लावून बारीक झटके देतात आणि नस किती वेगानं निरोप नेते ते मोजतात. रिपोर्ट आला : पायाच्या संवेदनेच्या नसा थोड्या कमजोर. "शुगरमध्ये असंच येतं." फिरून पुन्हा तिथेच.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, ती लिहू की नको असा विचार केला. लिहितेच. पायात टाचणी जाऊनही कळलं नाही हे गल्लीत पसरलं, आणि एक दिवस एक बाई दारातूनच म्हणाल्या, "एकदा त्या रोगाचं बघून घ्या." नाव घेतलं नाही. दोन गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेले ब्लाऊज तसेच न्यायला माणूस पाठवला. त्या रात्री मी झोपले नाही. अंगभर आरशात बघत होते, कुठे फिकट चट्टा आहे का.

सकाळी मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले आणि सरळ विचारलं, मला कुष्ठरोग आहे का बघा. तिथल्या बाईंनी खोलीचं दार लावून अंगावर चट्टे पाहिले, कापसाच्या टोकानं स्पर्श कळतो का पाहिलं. मग कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला आणि घोट्याच्या मागे बोटांनी चाचपलं. त्या जागी नस हाताला लागते, आणि या रोगात ती जाड होते, दुखते. माझ्या नसा जाड नव्हत्या, चट्टा नव्हता. त्या बाई म्हणाल्या, "नाहीये तुम्हाला. आणि असता तरी सहा महिने ते वर्षभर गोळ्या, त्या इथे फुकट मिळतात, आणि माणूस बरा होतो. येऊन दाखवलंत हे फार चांगलं केलंत." त्यांनी माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन तपासला होता. ज्यांनी ब्लाऊज परत नेले त्यांच्यापेक्षा मला त्या बाईच जास्त आठवतात.

फेब्रुवारीत पुण्याहून मुलगा आला. माझी चाल बघून गप्प झाला. रात्री म्हणाला, "आई, मिरजेला जाऊ या."

आमच्याकडे मिरजेला नेणं याला एक वजन आहे. डॉ. वॉनलेस यांनी तिथे १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून बेळगाव, चिकोडी, निपाणी, रायबाग या सगळ्या भागातली माणसं मिरजेची वाट धरत आलीत. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासऱ्यांना बैलगाडीनं स्टेशनवर आणून रेल्वेनं मिरजेला नेलं होतं. बेळगावात आता मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, मिरजेसारखेच डॉक्टर आहेत. तरी घरात कुणाचं काही उलगडेना की मिरजच तोंडात येते. मुलाच्या एका मित्राच्या वडिलांना तिथल्या एका मेंदूच्या डॉक्टरांचा गुण आला होता, त्यांचीच वेळ घेतली.

पहाटेची गाडी. घटप्रभा, रायबाग, दोन्ही बाजूला ऊस. कुडचीच्या पुढे कृष्णेचा पूल लागला तेव्हा यांनी खिडकीतून हात जोडले. माझ्या मांडीवर साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी होती. २०१३ पासूनचा प्रत्येक कागद मी त्यात ठेवलेला. कुठलाच टाकला नव्हता. शिवणाऱ्या बाईला चिंधीही टाकवत नाही, तशी ती सवय. मुलानं आदल्या रात्री त्यात मी घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटंही कोंबली, रिकामी होती तीसुद्धा.

डॉक्टर साठीच्या आसपासचे. त्यांनी पिशवी बघितली, पण उघडली नाही. म्हणाले, "ताई, कागद नंतर. आधी दारापासून इथपर्यंत चालत या." मी चालले. "परत. आता टाच-बोट, टाच-बोट, दोरीवरून चालल्यासारखं." दुसऱ्या पावलाला तोल गेला, यांनी धरलं.

मग त्यांनी विचारलं, "सकाळी तोंड धुताना काय होतं?"

मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"डोळ्यावर पाणी मारताना डोळे मिटता ना? तेव्हा तोल जातो?"

जात होता. चार-सहा महिन्यांपासून मी मोरीत तोंड धुताना डावा हात भिंतीला टेकवत होते आणि एकाच हातानं पाणी मारत होते. देवापुढे उभं राहून डोळे मिटले की झुलायला व्हायचं, म्हणून मी बसून हात जोडायला लागले होते. संध्याकाळी लाइट गेली की जागची हलत नव्हते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांनाही नाही. वयानं होतंय, अशक्तपणा आहे असं वाटायचं. पायाच्या दुखण्याचा तोंड धुण्याशी काही संबंध असेल हे मनात कसं येणार? डॉक्टरांनी मला पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले, आणि स्वतः दोन्ही हात पसरून जवळ उभे राहिले. मी लगेच कलले.

त्यांनी समजावलं ते असं. पाय कुठे आहे, जमीन कशी आहे, याची बातमी तळव्यापासून पाठीच्या कण्यातून मेंदूला जात असते. ती बातमी बंद पडली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. डोळे मिटले की तोही आधार जातो. मी इतके महिने डोळ्यांनी चालत होते.

पुढची तपासणी सगळी हातानं. लोखंडी चिमट्यासारखं एक साधन असतं, ते ठोकून थरथरत असताना हाडावर टेकवतात. कपाळावर टेकवलं तर थरथर कळली, मनगटावर कळली, गुडघ्यावर अंधुक. घोट्यावर नुसता गार लोखंडाचा स्पर्श, आणि अंगठ्यावर तोही नाही. मग डोळे मिटवून माझा अंगठा वर-खाली करत विचारलं, "वर की खाली?" मी सांगत राहिले. मुलगा शेजारी उभा होता, त्यानं बाहेर आल्यावर सांगितलं की मी निम्म्याहून जास्त चुकले. रबरी हातोडी घोट्यामागे मारली तर पाय हललाच नाही, आणि गुडघ्यावर मारली तर पाय जरुरीपेक्षा जोरात उडाला. शेवटी तळव्यावर किल्लीनं रेघ ओढली आणि अंगठ्याकडे बघत राहिले. अंगठा खाली वळायला हवा, माझा वर गेला.

इथे त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "नुसत्या शुगरनं गुडघा असा उडत नाही. नुसत्या कमरेच्या गादीनंही नाही. पायाच्या नसांबरोबर पाठीच्या कण्यातही काही चाललंय." मग विचारायला लागले. मिश्री? नाही. दारू? नाही. पोटाचं, आतड्याचं ऑपरेशन? नाही. हाताची बोटं कशी आहेत? मी म्हटलं, हूक शिवताना हूक चिमटीत आहे की पडला ते कळत नाही, बघावं लागतं. "मटण, मासे, अंडी?"

मी गळ्यातली माळ दाखवली. १९९८ साली पंढरपुरात घातली. तेव्हापासून अंड्यालाही शिवलेले नाही.

"दूध किती?"

"चहापुरतं." दही-ताक पित्तामुळे सुटलं होतं.

"आता पिशवी द्या."

त्यांनी आधी गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली. मेटफॉर्मिन, शुगरची, अकरा वर्षांपासून, त्यातली सहा-सात वर्षं मोठ्या डोसची. पित्ताची गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी, २०१८ पासून. लोहाची गोळी, फॉलिक ॲसिड असलेली. आणि ती नसांची गोळी. मग कागद. ते जुने कागद चाळत मागे मागे गेले आणि २०२२ च्या एका रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्याखाली एमसीव्ही म्हणून एक आकडा असतो, रक्तातल्या लाल पेशी किती मोठ्या आहेत ते सांगणारा. साधारण ८० ते १०० असावा. माझा १०७ होता. हिमोग्लोबिन कमी होतं ते सगळ्यांनी पाहिलं, पण लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, मोठ्या होत नाहीत, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

पेशी मोठ्या होण्याचं एक मुख्य कारण व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता. हे बी-१२ प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं. भाजी-भाकरी-आमटीत ते नाही, दुधात आहे पण थोडं. रोजची गरजही थोडीच, दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि यकृतात साठा असतो जो काही वर्षं पुरतो. म्हणून माळ घातल्यावर लगेच काही होत नाही. पण मेटफॉर्मिन जास्त वर्षं घेतली की आतड्यात बी-१२ कमी शोषलं जातं. पित्ताच्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, आणि अन्नातून बी-१२ सुटं व्हायला ते आम्ल लागतं. माझ्याकडे तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्यावर फॉलिक ॲसिड. त्यानं रक्त सुधारतं, पेशींचा आकार सावरतो, म्हणून पुढच्या रिपोर्टमध्ये माझं हिमोग्लोबिन ११.६ आणि एमसीव्ही ९५ आलं आणि सगळे खूश झाले. नसांना मात्र त्याचा उपयोग नाही, त्या आत खराब होतच राहतात.

मुलगा म्हणाला, "पण डॉक्टर, बी-१२ आम्ही तपासलं होतं. नॉर्मल आहे." खरंच होतं. डिसेंबरमध्ये एका पॅकेजमध्ये केलेलं, ३१२, लॅबनं दिलेल्या मर्यादेत, ठळक अक्षरात नाही की लाल नाही. डॉक्टरांनी नसांच्या गोळ्यांचं पाकीट उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं माझ्या मुलाला वाचायला लावली. त्या गोळीत झोप आणणाऱ्या औषधाबरोबर मिथाइलकोबालामिन होतं. म्हणजे बी-१२. तपासणीच्या आधी आठ दिवस मी त्याच गोळ्या घेत होते. रक्तातला आकडा तेवढ्यापुरता वर आला होता. त्यांनी सांगितलं की तसंही या तपासणीचा आकडा मधल्या पट्ट्यात असला की त्यावर विसंबता येत नाही, पेशींना बी-१२ पुरतंय का ते दुसऱ्या तपासणीनं बघावं लागतं.

ती तपासणी होमोसिस्टीनची. बी-१२ कमी पडलं की हे रक्तात साचतं. १५ पर्यंत चालतं, माझं ३८ आलं. मूत्रपिंड बिघडल्यानंही ते वाढतं, म्हणून क्रिएटिनिन बघितलं, ते ठीक होतं. थायरॉइड ठीक होतं. शरीर स्वतःच बी-१२ चं शोषण अडवतंय का यासाठी आणखी एक रक्ततपासणी झाली, तीही निर्दोष. मानेचा एमआरआय केला, त्यात ठळक काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, तो साफ असला तरी हा आजार असू शकतो, तुमच्या पायांनी मला पुरेसं सांगितलंय.

नसेवर एक आवरण असतं, ते या बी-१२ वाचून झिजतं. डॉक्टरांनी विजेच्या वायरचं उदाहरण दिलं. माझ्या डोळ्यांपुढे जर आली. जरीत आत साधा धागा असतो आणि त्याच्याभोवती चकाकता पत्रा बारीक गुंडाळलेला. जुन्या शालूचा काठ घासला की पत्रा उलगडतो आणि आतला धागा उघडा पडतो. काठ फाटत नाही, पण निर्जीव होतो. आवरण गेलंय तोवर सावरता येतं, आतला धागाच तुटला तर अवघड, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगदी असंच."

इंजेक्शनं सुरू करायची तर घरी वेगळाच प्रश्न उभा राहिला. धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, "अक्का, ते इंजेक्शन कशापासून करतात? माळ चालते का त्याला?" त्यात चेष्टा नव्हती, त्यांनाही माळ आहे. मलाही तो काटा बोचत होता. सव्वीस वर्षं पाळलेलं व्रत औषधानं मोडतं का? फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते न हसता म्हणाले, "ताई, हे सूक्ष्म जिवाणूंकडून आंबवून करतात, दही लागतं तसं. मांसातून काढत नाहीत. गोळी घ्याल तेव्हा कॅप्सूलचं टरफल कशाचं आहे ते विचारा, ते जिलेटिनचं असू शकतं. इंजेक्शनात तसलं काही नाही." गायी-म्हशींच्या पोटातही हे जिवाणूच ते तयार करतात, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या मनावरचं फार मोठं ओझं उतरलं. माळ उतरवायची वेळ आली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.

औषध लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. गल्लीच्या टोकाला नर्सताई राहतात, त्या टोचतात. एवढी शोधाशोध, एवढा खर्च, आणि औषध शंभर रुपयांच्या आतलं. मेटफॉर्मिन बंद केली नाही, ती शुगरसाठी चांगली गोळी आहे आणि मनानं बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. पित्ताची गोळी मात्र हळूहळू सोडवली. फॉलिक ॲसिड बी-१२ च्या बरोबरीनं थोडे दिवस ठेवलं.

पहिल्या पंधरवड्यात मुंग्या उलट वाढल्या. पायात जाळ झाल्यासारखं. मी घाबरले, पण नसा जाग्या होताना असं होऊ शकतं हे आधीच कानावर घातलेलं होतं. दीड महिन्यानं एका सकाळी मोरीत तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि मग ध्यानात आलं की दोन्ही हातांनी पाणी मारलं होतं. भिंतीवर माझ्या डाव्या हाताच्या जागी शेवाळासारखा काळपट डाग पडला होता, तो मी त्याच दिवशी घासून काढला. मेमध्ये होमोसिस्टीन ११ वर आलं.

जाऊबाईंनाही शुगर आहे, त्यांनाही माळ, त्यांचीही मेटफॉर्मिन आठ वर्षांची. त्यांना मी स्वतः नेऊन रक्त तपासून आणलं. बी-१२ १६४ निघालं, कमीच. त्यांना अजून मुंग्यासुद्धा नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, इथे धरलं ते बरं झालं.

आता वर्ष होत आलं. ज्या घरांनी ब्लाऊज परत नेले होते त्यातल्या एका घरची मुलगी परवा लग्नाचं कापड घेऊन आली. मी माप घेतलं. डावा तळवा टाचेपासून मधल्या भागापर्यंत जिवंत झालाय, फरशीचा गारवा कळतो. उजव्याची चार बोटं कळतात. दोन्ही अंगठ्यांची टोकं अजून झोपलेलीच आहेत, आणि ती तशीच राहू शकतील, इतकं उशिरा आलात, असं मिरजेत मला स्पष्ट सांगितलंय. रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे दिव्याखाली बघते. मशीनभोवती लोहचुंबक फिरवून टाचण्या गोळा करते, त्याशिवाय दिवा मालवत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी काठ जोडत होते. लाइट गेली. सवयीनं मी पाय थांबवला, मान खाली वाकवली, पण अंधारात दिसणार काय? तशीच बसून राहिले. मग डाव्या तळव्याखाली, अगदी पुसट, पायडलची नक्षी लागली. चौकोन, मध्ये भोक, पुन्हा चौकोन. लाइट येईपर्यंत मी पाय तिथेच फिरवत बसले होते.